प्राध्यापकांचं आश्चर्य-शिबिर

आमचे हे, म्हणजे प्राध्यापक शरच्चंद्र, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळे गोड बोलले. घरी आल्यावर मात्र हे म्हणाले, "सुनीती, पस्तीस वर्षांत माझ्या तासाला एकाही पोरानं आश्चर्यानं तोंडात बोट घातलं नाही. जांभया तेवढ्या दिल्या." मला हसू आलं, पण त्यांना ते खरंच लागलं होतं.

म्हणून मे महिन्यात बिबवेवाडीच्या एका वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही मुलांचं शिबिर काढलं. विज्ञान त्यांच्याकडे, चित्रकला माझ्याकडे. मी जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलेलं, त्यामुळे मुलांना कंटाळा आणायचा अनुभव मलाही होता.

पहिल्या दिवशी यांनी कागदाला हळदीचं पाणी फासलं, त्यावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला आणि लाल रेघ उमटताच ऐटीत मागे सरले. कोणी हललं नाही. समोर दहा वर्षांची शकू बसली होती. तिची आई चार घरची धुणी करायची.

"हळद हाय ना सर, साबण लागला की लालच व्हती," शकूनं यांची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी लोहचुंबक. निम्मी मुलं भंगार वेचणारी. राडारोड्यातून चुंबकानं खिळे कसे काढायचे, ते त्यांनीच यांना दाखवलं. तिसऱ्या दिवशी वाफेनं झाकण उडायला लागलं, तर एकीनं उठून स्टोव्हच बारीक केला.

चौथ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, शिबिर आता तू एकटीच चालव. मला वाईट वाटलं आणि रागही आला. उद्या माझ्या तासाला मुकाट्यानं येऊन बसा, असं मी बजावलं.

आले. चटईवर शकूशेजारी बसले. मी घोडा काढायला सांगितला. अर्धा तास खपून यांनी जे काढलं, त्याचे चारी गुडघे पुढे वळले होते आणि तोंडावळा थेट माझ्या थोरल्या नणंदेचा होता.

शकूनं वाकून घोडा पाहिला, मग यांचे पांढरे केस पाहिले, मग पुन्हा घोडा.

"सर, तुमाला येत न्हाई?"

"नाही," हे म्हणाले. "शिकवतेस का?"

शकूनं यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. एवढ्या मोठ्या सरांना घोडा येत नाही ही बातमी ऐकून सगळी मुलं भोवती गोळा झाली. पंचवीस जण तोंडात बोट घालून बघत होते. यांना ते पाहायला सवडच नव्हती. हे मान खाली घालून घोड्याचा मागचा गुडघा शिकत होते.