पापानने काढलेलं पाणी

स्पॅनिश अंमलाखालच्या अत्लाऊको गावात अक्षरांऐवजी चित्रं लिहिणारी एकटी पापान उरली होती. साथीने तिचा नवरा नेला, दोन्ही लेकी नेल्या, गावातली निम्मी घरं ओस पाडली. तिच्यापाशी राहिली ती फक्त बापाने शिकवलेली विद्या. डोंगर कसा लिहायचा, पावलांच्या ठशांनी वाट कशी लिहायची, आणि पाणी. पाणी म्हणजे निळा पट्टा, त्यात काळ्या रेघा, कडेने फुटलेली पाण्याची बोटं, आणि बोटांच्या टोकांना आळीपाळीने शंख आणि मणी. एखादा शंख विसरला की बाप तिच्या बोटांवर छडी ओढायचा.

त्या साली एका स्पॅनिश साहेबाने मेंढ्यांसाठी गावाच्या झऱ्यावर हक्क सांगितला. न्यायाधीशाने गावाकडून झऱ्याचं चित्र मागवलं. झरा तरी केवढा! मनगटाएवढी धार, तीही उन्हाळ्यात रडतखडत यायची. त्या धारेवरच गावाचा मका होता, घेवडा होता, आणि जगली-वाचलेली माणसं होती.

मुखिया मार्तीन पापानचा भाचा. चित्र बघायला आला आणि त्याचे डोळेच विस्फारले.

"आत्या, एवढं पाणी कुणाच्या बापाने पाहिलंय गं?"

"पाणी असंच लिहितात."

"बारीक काढ की! एक निळी रेघ ओढ, झालं."

"रेघेला पाणी म्हणतोस? उद्या म्हणशील, माणूस काढ पण डोकं नको."

"अगं, त्या न्यायाधीशाला काय कळतंय शंख नि मणी!"

"न कळो. माझ्या बापाला कळायचं."

मार्तीन हसला. खरं तर त्याने कागद तिथेच फाडायला हवा होता. पण पापानच्या चित्राला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती, आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं.

न्यायाधीशाने कागद पसरला, निळ्या पट्ट्यावर बोट फिरवलं आणि दुभाष्याकडून विचारलं, "एवढी नदी वाहतेय, शंखशिंपले उसळताहेत. अर्धं पाणी दिलंत तर तुमचं काय बिघडतं?"

पापान पुढे झाली. "मालक, ओंजळभर असलं तरी पाणी असंच लिहितात."

"चित्र तुझ्याच हातचं ना?"

"माझ्याच."

"मग आता का फिरतेस?"

गावाच्या वर चर खणला गेला. निकालाच्या कागदावर साहेबाला अर्धं पाणी लिहिलं होतं, पण मेंढ्यांचा हौद भरला की खाली उरत होते ते नुसते ओले दगड. घेवडा करपला. लोक घरं सोडून जायला लागले. मार्तीनने आत्याला एका शब्दाने दुखवलं नाही. त्याची बायको मात्र रिकामं मडकं घेऊन दारात आली.

"तुमच्या शंखात असेल तर ओता यात."

पापानने मान खाली घातली. मार्तीनच्या गप्प राहण्यापेक्षा हे बोलणं तिला सोसवलं.

पुढे कचेरीने दप्तरासाठी त्याच चित्राची नक्कल मागवली. या वेळी पापानने एकच बारीक निळी रेघ ओढली. शंख नाही, मणी नाही. बापाची छडी आठवली, पण तिने ओढली. चार दिवसांनी कागद परत आला. हे पहिल्या चित्रासारखं नाही, पुन्हा तसंच काढ, असा निरोप होता.

निळा रंग कालवायला घरात पाणी नव्हतं. पापान मेंढ्यांच्या हौदावर गेली, राखणदाराच्या हातापाया पडून वाटीभर पाणी आणलं, आणि एकही शंख न विसरता सगळं चित्र पुन्हा काढलं.