वगळलेली शून्ये

ऋजुता पाध्ये नागपूरहून कार्डिफला आली त्याला तीन वर्षे झाली होती, आणि इथले तिचे सगळे बस्तान एका व्हिसावर उभे होते. तिच्या कंपनीने वेल्समधल्या गाईंच्या गळ्यांत बांधलेले पट्टे दर दहा मिनिटांनी रवंथाचे आकडे पाठवत. त्यांवरून शेतकऱ्याच्या फोनवर प्रत्येक गाईपुढे खूण उमटे: गाय ठीक असेल तर हिरवी, आजारी वाटली तर लाल. तांदूळ निवडावेत तसे ऋजुता ते आकडे निवडी.

मंगळवारी सकाळी गेथिन नावाच्या वृद्ध शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या दोन गाई मेल्या होत्या. खुणा मात्र हिरव्याच होत्या. तो चिडला नाही. पूर्वी आपण पहाटे गोठ्यात फेरी मारत असू, तुमच्या भरवशावर ती सोडली, एवढेच म्हणाला.

ऋजुताने मूळ नोंदी उघडल्या. मेलेल्या दोन्ही गाईंपुढे सलग शून्ये होती. हिवाळ्यात पट्ट्यांच्या बॅटऱ्या संपून शून्यांचा नुसता सडा पडे, म्हणून तिनेच नियम लिहिला होता: सलग शून्य आले तर पट्टा बंद समजावा आणि आधीची खूण कायम ठेवावी. पण व्याल्यानंतर रक्तातले कॅल्शियम उतरून खाली बसलेली गाय रवंथ करत नाही. तीही शून्यच पाठवते.

त्या क्षणी आणखी पाच गाई शून्यावर होत्या. पट्टा कुणाचा बंद आणि जीव कुणाचा जातोय, हे आकडे सांगत नव्हते.

टीम लीड सुश्रुत हलक्या आवाजात म्हणाला, "आत्ता कुणाला कळवू नकोस. संध्याकाळपर्यंत शांतपणे फिक्स कर."

"संध्याकाळपर्यंत त्या मरतील रे."

"त्या नियमाच्या लॉगमध्ये तुझं नाव आहे, बाई. जूनमध्ये व्हिसा रिन्यू व्हायचाय ना?"

तिने पाचांपैकी पहिल्या गाईच्या मालकाचा नंबर फिरवला. तिथला पट्टा चिखलात सापडला. दुसरीकडे कुणी फोन उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी एका बाईने "थांबा, बघते" म्हणून फोन हातातच ठेवला. बुटांचा आवाज, फाटकाची कडी. सुश्रुत काचेपलीकडून पाहत होता.

"गाय खाली बसलीय," बाई म्हणाली. "पण डोळे उघडे आहेत."

"डॉक्टरांना बोलवा. लगेच."

"बोलावते. पण इथे तर हिरवी खूण आहे. तुम्हाला कसं कळलं?"



"ती खूण माझ्यामुळे चुकली," ती म्हणाली, आणि आपले पूर्ण नाव तिने सांगितले.