लिफ्टमधली पोट्टी आणि कंडक्टरकाका

आमच्या कंडक्टरकाकांइतका वेळेचा पक्का आणि प्रेमकथेचा वेडा माणूस अख्ख्या मंगरूळपिरात झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. तीस-बत्तीस वर्षं आसेगावच्या रस्त्यावर तिकिटं फाडून निवृत्त झालेले हे गृहस्थ, मी ग्रंथपाल आहे त्या वाचनालयात रोज सकाळी आठच्या ठोक्याला हजर असायचे. मला दोन मिनिटं उशीर झाला की कुलपाशेजारी उभे राहून मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरायचे. दारालगतची पहिली खुर्ची त्यांची. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती चार माणसं जमली की तिथूनच ओरडायचे, "पुढं सरका भाऊ, समोर सारी गाडी खाली हाय!" नवखी माणसं खरोखर सरकायची. आणि एवढा वेळेचा माणूस, पण दुपारी बाराला मी दार लावायला लागलो आणि रस्त्यावर कुणी पळताना दिसलं, की उंबऱ्यात पाय आडवा घालायचे. "येऊन राह्यला ना थो! थांबा की जरा." तो पळणारा बहुतेक वेळा पलीकडच्या चहाच्या टपरीवर जायचा. मी मात्र कुलूप हातात घेऊन मूर्खासारखा उभा.

त्यांची सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे त्यांचा चिमटा. बसमध्ये तिकिटाचं यंत्र आलं, तिकिटाला भोक पाडायचे चिमटे बाद झाले, पण काकांनी आपला चिमटा जमा केलाच नाही. हरवला म्हणून लिहून दिलं. "अख्ख्या नोकरीत तेवढं एकच खोटं बोललो भाऊ," असं ते अभिमानानं सांगायचे. तर वाचून झालेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला ते या चिमट्यानं भोक पाडत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "काका, हे वाचनालयाचं पुस्तक आहे!" ते शांतपणे म्हणाले, "मंग? वाचल्याबिगर एकबी भोक नाई पाडलं म्या. बेइमानी नाई केली." त्या दिवसापासून ते पुस्तक मी रागानं हातातसुद्धा घेतलं नाही.

ते पुस्तक म्हणजे कुमार विभागासाठी आलेली एक अनुवादित कादंबरी. काकांनी आयुष्यात वेळापत्रकाशिवाय काही वाचलं नव्हतं. "जाडं काईतरी द्या, वेळ जाईन," म्हणाले म्हणून मी हाताला आलं ते दिलं. कादंबरीतली मुलगी सोळा-सतरा वर्षांची. तिचा ज्याच्यावर जीव असतो तो मुलगा तिला भेटायला येताना रस्त्यात गाडीखाली मरतो. मग तिच्या बिल्डिंगची लिफ्ट दर मजल्यावर एका वेगळ्याच जगात उघडू लागते. एका जगात तो मुलगा चित्रकार, एकात शिपाई, एकात तर त्याला ती ठाऊकच नाही. तो जिवंत असेल आणि तिचाही असेल असं जग ती शोधत फिरते. सोळा वर्षांच्या पोरींसाठी लिहिलेलं हे प्रकरण आमच्या सदुसष्ट वर्षांच्या काकांनी जे छातीशी धरलं ते सोडलंच नाही. पाच वेळा वाचलं. प्रेमाचे प्रसंग आले की पुस्तकावर वर्तमानपत्र आडवं धरायचे आणि कान लाल करून वाचायचे. एका वहीत त्यांनी सगळ्या जगांचं वेळापत्रकच केलं होतं, कुठल्या मजल्यावर पोरगी किती वाजता पोचली, किती वेळ थांबली. "चौदाव्या मजल्यावर पोट्टी घडीभर बी नाई थांबली. इतक्यात कसं जमन भाऊ? अन् जाताना एकबी पिशवी नाई सोबत!" कुणी दुसऱ्यानं ते पुस्तक मागितलं की म्हणायचे, "वाचाची काय गरज हाय? बस, मी सांगतो."

एकच गोष्ट ते करत नसत. शेवटचं प्रकरण वाचत नसत. निदान मला तसं सांगत.

एकदा मी चेष्टेनं विचारलं, "काका, या वयात हे काय खूळ? तुम्हाला कुठल्या मजल्यावर उतरायचंय?" हसतील असं वाटलं होतं. ते चिमट्याची उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "आमची मंडळी फाट्यावर उभी राह्यची होती. भाचीच्या लग्नाचं कापड घ्याचं होतं. सांगून ठेवलं होतं तिले, घरची हाय म्हनून गाडी थांबनार नाई. फाटा सुटला अन् मांगच्या काचेतून पाह्यलं, तं हात वर करून पळून राह्यली होती. पन्नासेक पावलं असन. मी डबल मारली." कंडक्टरनं घंटी एकदा वाजवली तर गाडी थांबते, दोनदा वाजवली तर निघते, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. काकू मागून येणाऱ्या जीपमध्ये बसल्या. ती जीप मंगरूळपीरला पोचलीच नाही, वाटेत उलटली. काका इकडे स्टँडवर, उशीर केला म्हणून बायकोला काय काय बोलायचं ते ठरवत उभे होते. "एकच घंटी कमी माराची होती," ते म्हणाले. "असन ना भाऊ एखादा मजला, जिथं म्या एकच मारली?"

मी असेल म्हणालो.

या उन्हाळ्यात काका अंथरुणाला खिळले. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर माणूस निम्मा झालेला. हातावर सुई, उशीखाली चिमटा. म्हणाले, "भाऊ, शेवटी काय होते त्या पोट्टीचं? सांगून टाका आता." पुस्तक वाचनालयात होतं, पण ते नवं आलं तेव्हाच मी वाचलं होतं, शेवट मला पाठ होता. शेवटी लिफ्ट कायमची बंद पडते. मुलगी तिच्याच जगात परत येते, जिथे तो मेलेला आहे, आणि जिना उतरून एकटी खाली चालत जाते. हे मला त्या माणसाला सांगवेना. मी म्हणालो, "काका, लिफ्टचं दार उघडलं. समोरून तो हात वर करून पळत येत होता. दार मिटायला लागलं, तशी तिनं हात आडवा घातला. आला तो आत." काकांनी डोळे मिटले. खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाच्या पेरानं ठोका मारला. एकदाच. म्हणाले, "बेस झालं. थांबली म्हना."

चौथ्या दिवशी काका गेले. मी वाचनालयात येऊन ते पुस्तक भोकं पडल्यापासून पहिल्यांदा नीट उघडलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला पाच भोकं. शेवटच्या प्रकरणाच्या पानांना मात्र एकच, अगदी शेवटच्या पानालाही. म्हणजे पोरगी जिना उतरून गेली हे काकांना पहिल्या वाचनापासून माहीत होतं. माझ्याकडून त्यांना फक्त दुसरा शेवट ऐकायचा होता, आणि तो ऐकताना मी खोटं बोलतोय हे ओळखल्याचं त्यांनी मला कळूही दिलं नाही. मी तिथेच, त्यांच्या खुर्चीत बसून रडलो.

आता ती खुर्ची रिकामी असते. दुपारी बाराला मी दार लावायला उठतो, आणि रस्त्यावर कुणी पळताना दिसलं की कुलूप हातात धरून उभा राहतो. बहुतेक वेळा तो माणूस चहाच्या टपरीवरच जातो. तरी मी थांबतो.