दार लावून केलेलं वांगं

प्रयागमावशी गल्लीत सगळ्यांना सांगायची, "माहा आनंदराव गिरणीत आहे." आनंदराव गिरणीत नव्हताच. नागपूरच्या सदर भागातल्या एका चिनी हॉटेलात तो स्वयंपाकी होता. आमची दोन्ही घरं एका भिंतीची, त्याची बायको सिंधू माझी मैत्रीण, त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं. मावशीने उभा जन्म लोकांची खरकटी भांडी घासली. मुलानेही लोकांच्याच ताटांपाशी राबावं, हे तिला सोसत नव्हतं. मला मात्र तिचा राग यायचा. पोरगा कष्टाचं खातो, त्यात लपवायचं काय? आनंदरावाला राग येत नसे, वाईट वाटे. अख्खं नागपूर माझ्या हातचं खातं, पण आईने कधी एक घास खाल्ला नाही, असं तो सिंधूला म्हणायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सिंधू बाळंतपणासाठी खाप्याला माहेरी गेली. हॉटेलला सुट्टी होती त्या दिवशी आनंदराव म्हणाला, "माय, आज मी रांधतो. माह्या हातचं खाशील?"

"खाईन. पण दार लावून कर."

हॉटेलातून आणलेली नूडल्सची पुडी फळीवर ठेवून तो वांगी आणायला जरीपटक्याच्या बाजारात गेला. परत येऊन बघतो तर पुडी रिकामी.

"मले वाटलं शेवया आणल्या," मावशी म्हणाली. "खीर करून ठेवली. पण लई चिकट झाली गा."

भिंतीपलीकडे मी तोंडात पदर कोंबून हसत होते. आनंदरावाने खिरीचं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाला, "तुह्या शेवयांचा डबा दे."

"वांग्यात शेवया? येडा झाला काय गा?" असं पुटपुटत तिने डबा काढून दिला. हाताने वळलेल्या, बाजेवर वाळवलेल्या जाडसर शेवया. त्या त्याने मिठाच्या पाण्यात उकळून निथळल्या. वांग्याच्या लांब फोडी तळल्या, लसूण-मिरचीवर हॉटेलातून आणलेला काळा सोया सॉस, गूळ आणि आंबट शिरका घातला. रस आटून फोडींना चिकटला, त्या चकाकायला लागल्या, तेव्हा शेवया टाकून मोठ्या आचेवर परतल्या. हे सगळं नंतर त्यानेच मला शिकवलं.

शिरक्याच्या वासाने मला शिंका आल्या. घरात बसवेना. मिठाचं निमित्त करून मी त्यांचं दार वाजवलं.

खांद्यावर पंचा टाकलेल्या आनंदरावाने दार उघडलं आणि घाबरून मागे पाहिलं. मावशी ताट घेऊन बसली होती. अर्धं ताट संपलं होतं.

मी मुद्दामच विचारलं, "मावशी, वास गल्लीभर सुटला. कोणी केलं वं?"

आनंदराव खाली बघून म्हणाला, "मायनंच केलं, वहिनी."

मावशीचा हात ताटातच थांबला.

"खोटं काहून बोलतं गा?" ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माह्या पोरानं केलं, अंजना. सदरच्या हॉटेलात रांधते तो. ये, जेवाले बस. अन् ते दार लावू नको, उघडंच राहू दे."