पद्मजाताईंच्या माश्या सरहद्दीवर

पद्मजाताई खांबेटे मधमाशीला घाबरायच्या. माशी खोलीत शिरली की ताई खोलीबाहेर. हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला आल्या, तेव्हा मागच्या आवारातल्या मधपेट्या त्यांना खिडकीतून दिसल्या. त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीपासून लांब नेऊन ठेवली आणि मग आमच्या सरांना म्हणाल्या, "जाहिरातीत फक्त हिशेब असं लिहिलं होतं."

"तुम्हाला हिशेबच बघायचे आहेत," सर म्हणाले.

"मग माश्यांनाही तसं सांगून ठेवा."

ही गोष्ट २००६ सालची. मी वर्ध्याची. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून पुण्याला आले होते आणि या छोट्याशा कंपनीत मला नुकती नोकरी लागली होती. त्या काळात पुण्यात नवीन आलेल्या कोणालाही लोक एकच विचारायचे, "कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीत?" मी म्हणायची, "मधमाश्यांच्या." मग समोरचा आधी हसायचा आणि नंतर मध स्वस्तात मिळेल का ते विचारायचा.

मध आम्ही विकत नव्हतो. युरोपातल्या चार देशांच्या संस्था एकत्र येऊन एक संशोधन करत होत्या आणि त्यात पुण्याहून आमची कंपनी होती. सरहद्दीच्या नाक्यावर लपवून आणलेला माल हुंगून काढायला कुत्री असतात. पण कुत्र्याला तयार करायला कित्येक महिने लागतात. मधमाशीचं नाक कुत्र्याच्या तोडीचं, आणि ती एका सकाळीत शिकते. एक वास द्यायचा, लगेच साखरपाण्याचा थेंब द्यायचा. असं चार-पाच वेळा केलं की नुसत्या वासावरच ती जीभ बाहेर काढते. ती जीभ कॅमेऱ्याने टिपायची, की कळलं, माल इथे आहे. खरी स्फोटकं वगैरे आमच्याकडे कोण देणार? आम्ही सगळे सरावासाठी लवंगेचं तेल वापरत होतो.

ताई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. सरकारी बँकेत काम केलेलं. बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा चारचौघींबरोबर त्याही बाहेर पडल्या आणि मग नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये बसून राहिल्या. यजमान गोपाळकृष्णराव गणिताचे निवृत्त शिक्षक. "दोघं दिवसभर घरात. एकमेकांना सुधारत होतो," ताई सांगायच्या. "कोणीच सुधारेना, म्हणून नोकरी धरली."

सुरुवातीचे महिने त्या स्वतःच्या टेबलापलीकडे आल्या नाहीत. डबा खायलाही त्या काच बंद करून बसायच्या. मग आमचा साई गेला. माश्यांना शिकवायचं काम साई आणि मी करत होतो. त्याला हिंजवडीत कॉल सेंटरमध्ये दुप्पट पगार मिळाला आणि तो सोमवारी आलाच नाही. सरहद्दीच्या प्रयोगासाठी सातेरी माश्यांची, म्हणजे आपल्या देशी माश्यांची, चाचणी अर्ध्यावर होती. माझे दोन्ही हात गुंतलेले. मी काचेतून हाक मारली, "ताई, एक मिनिट! नुसती ही काडी धरा, बाकी काही नाही."

त्या आल्या. पदर डोक्यावरून घेऊन, कान झाकून, पण आल्या. बर्फावर गार करून सुस्तावलेली माशी आम्ही बोटाएवढ्या नळीत बसवायचो. फक्त डोकं बाहेर. ताईंनी वाकून पाहिलं. "ही तर इस्पितळात पांघरूण घेऊन झोपल्यासारखी दिसते," त्या म्हणाल्या. मी वास सोडला, त्यांनी हात लांब करून साखरपाण्याची काडी माशीच्या तोंडाशी नेली. एकदा. परत एकदा. पुढच्या वेळी मी वास सोडला मात्र, काडी जवळ जायच्या आतच माशीने जीभ बाहेर काढली. बारीक, तपकिरी, केसाएवढी जीभ.

"अगं, ही वाकुल्या दाखवते आहे!"

"शिकली ती, ताई."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही शिकवलंत."

ताईंचा पदर खाली आला होता. त्यांच्या लक्षातही नव्हतं. "बँकेत नवा संगणक आला तेव्हा आम्हाला आठ महिने लागले होते," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. त्या इतक्या मोठ्याने हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. "दुसरी आण."

त्या दिवशी त्यांनी हिशेबाला हात लावला नाही.

पंधरा दिवसांनी पहिला डंख बसला, मनगटावर. मी धावत गेले. ताई मनगटाकडे बघत उभ्या होत्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "यासाठी मी जन्मभर पळत होते?" घरी गेल्यावर गोपाळकृष्णरावांनी सुजलेला हात पाहिला आणि चहाचा कप पुढे केला. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तुला असं निमूटपणे काही सोसताना प्रथमच बघतो आहे." दुसऱ्या दिवशी ताईंनी हे आम्हाला स्वतःच सांगितलं, तेही यजमानांच्या आवाजात.

पुढची दोन वर्षं आम्ही दोघींनी मिळून माश्यांची शाळा चालवली. सकाळी वर्ग, संध्याकाळी सगळ्या विद्यार्थिनींना परत पेटीत सोडायचं. ताई त्यांच्याशी बोलायच्या. उशिरा शिकणाऱ्या माशीला म्हणायच्या, "होतं असं. घाई नाही. कोणाला दाखवायचं आहे आपल्याला?"

पण दाखवायची वेळ आलीच. २००८च्या उन्हाळ्यात शेवटचं प्रात्यक्षिक स्लोव्हेनियात ठरलं. इथल्या माश्या तिकडे नेता येत नाहीत. तिथल्याच माश्यांना तिथे शिकवायचं होतं. सरांबरोबर ताई आणि मी जायचं ठरलं. घरी ताईंचा मुलगा शौनक, सॉफ्टवेअरमधला, कपाळाला हात लावून बसला. "आई, मी तीन वर्षं ऑनसाइटची वाट बघतोय. आणि तू चाललीस?"

"जीभ काढून बघ," ताई म्हणाल्या.

प्रात्यक्षिकाची जागा पाहून आम्ही चकितच झालो. ऑस्ट्रियाच्या हद्दीवरचा डोंगरातला नाका. वर मोठं छप्पर, खाली तपासणीच्या चार केबिन, आणि एकही माणूस नाही. आदल्याच डिसेंबरमध्ये त्या दोन देशांमधली तपासणी उठली होती. गाड्या न थांबता भुर्रकन निघून जात होत्या. नाका रिकामा पडला, म्हणून तर तो प्रयोगासाठी मिळाला.

"म्हणजे सरहद्द राखायचं यंत्र," ताई सरांना म्हणाल्या, "आणि ते दाखवायचं सरहद्द उठली तिथे?"

"जागा मोफत मिळाली," सर म्हणाले.

"हे मात्र पुण्यात शोभलं असतं."

तिथल्या माश्या मिलेना नावाच्या बाईंच्या होत्या. साठीच्या, उंच, राकट हातांच्या. त्यांच्या पेट्यांच्या पुढच्या फळ्यांवर रंगीत चित्रं काढलेली होती आणि माश्या होत्या करड्या, जरा केसाळ, स्वभावाने गरीब. ताईंनी पेटी उघडली, नेहमीसारखं मराठीतूनच "या बायांनो, या," म्हणाल्या. मिलेनाबाई थबकून ऐकत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या भाषेत तेच काहीसं म्हणून दाखवलं. दोघींचं इंग्रजी बेताचं होतं. त्यानंतर त्यांनी ते जवळजवळ वापरलंच नाही.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी मिलेनाबाई आम्हाला नाक्यापलीकडे फिरायला घेऊन गेल्या. त्यांची मावशी पलीकडच्या गावात राहायची. लहानपणी मावशीकडे जायचं तर आईचा हात धरून रांगेत उभं राहायचं, शिपाई पिशव्या उपसून बघायचे, एकदा मावशीसाठी नेलेला केकही त्यांनी सुरीने कापून पाहिला होता. त्या मला मोडक्या इंग्रजीत हे सांगत होत्या, तोवर आम्ही ऑस्ट्रियात पोचलो होतो. ताईंनी पासपोर्ट हातात काढून ठेवलेला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कोणी विचारलंच नाही!"

"कोणी नाही," मिलेनाबाई म्हणाल्या.

ताई मागे वळल्या, स्लोव्हेनियात गेल्या. पुन्हा ऑस्ट्रियात आल्या. मग परत गेल्या. मिलेनाबाई त्यांच्या मागे, आणि मग दोघीही हातात हात घालून ये-जा करायला लागल्या, पोरींनी लंगडी घालावी तशा. एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तर ताईंनी त्याला हात केला. त्या डोंगरातल्या उन्हात मला का कोण जाणे वर्ध्याची आठवण आली आणि खूप बरं वाटलं.

सकाळी परीक्षक आले. ब्रसेल्सहून आलेले हेन्ड्रिक्स नावाचे गृहस्थ, गंभीर, कमी बोलणारे. मिलेनाबाईंनी अक्रोडाचा केक पुढे केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. एका केबिनमध्ये माश्यांची पेटी, तिच्यातून बाहेर काढलेली, हवा आत ओढणारी नळी, आणि पडद्यावर छत्तीस माश्यांचे चेहरे. बाहेर बॅगांची रांग. एकीत लवंगेचं तेल, बाकीच्या रिकाम्या. ती कुठली, हे फक्त हेन्ड्रिक्सना माहीत.

पहिली बॅग नळीपाशी आली. माश्या गप्प. दुसरी, गप्प. तिसरी आली आणि पडद्यावर एकामागून एक जिभा बाहेर आल्या. हेन्ड्रिक्सनी मान डोलावली. बरोबर होतं. पुढच्या सगळ्या बॅगांना माश्या पुन्हा गप्प. सरांनी मोठा श्वास सोडला.

मग हेन्ड्रिक्स स्वतः नळीचं तोंड बघायला वाकले, आणि छत्तीसच्या छत्तीस माश्यांनी त्यांना जीभ काढून दाखवली.

ते मागे सरले, जिभा आत. पुन्हा वाकले, पुन्हा जिभा. आमच्या सरांचा चेहरा पांढरा पडला. माल नसताना बोंब ठोकणारी माशी नाक्यावर काय कामाची? यंत्र बनवणाऱ्या ऑस्ट्रियाच्या संस्थेतल्या मंडळींनी वायरी तपासायला घेतल्या.

ताई माझ्या कानाशी लागल्या. "विचार त्यांना, दात दुखतोय का."

"ताई, परीक्षकांना असं विचारतात का?"

"केक नको म्हणाले. सकाळपासून गालाला हात लावतात. दुखत असेल तर विचारू नये?" आणि मी थांबवायच्या आत त्या पुढे झाल्या, स्वतःच्या गालावर बोट ठेवलं आणि विचारलं, "टूथ? पेन?"

हेन्ड्रिक्सनी त्यांच्याकडे पाहिलं. गालाकडे हात गेला. काल संध्याकाळी, ते सावकाश म्हणाले, दाताचा तुकडा पडला. गावातल्या डॉक्टरने औषध भरून दिलंय. वास... त्यांनी डोळे मोठे केले. वास लवंगेचा आहे.

आधी मिलेनाबाई हसल्या. मग सर, मग सगळेच. खुद्द हेन्ड्रिक्स तर गाल धरून हसत होते, कारण हसताना दात ठणकत होता. त्यानंतर त्या गंभीर माणसाने पुष्कळ वेळ दुसरं काही केलंच नाही. नळीपाशी जायचं, तोंड उघडायचं, पडद्याकडे बघायचं. तोंड मिटायचं, परत बघायचं. शेवटी ताई मला म्हणाल्या, "नमू, त्यांना सांग, माश्या दमल्या. आता त्यांना घरी सोडू या."

सरहद्दीवर मात्र माश्या कधी नोकरीला लागल्या नाहीत. अहवालात त्यांच्या नाकाचं भरपूर कौतुक होतं, पण थंडीत त्या काम करत नाहीत, दोन दिवसांत शिकलेलं विसरतात, रोज नवी तुकडी शिकवावी लागते, असंही स्पष्ट लिहिलं होतं. पुढचं संशोधन यंत्रांकडे वळलं आणि आमच्या कंपनीतलं माश्यांचं काम दोन वर्षांनी थांबलं. मला वाईट वाटलं. ताईंना मुळीच नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "चांगल्या घरच्या पोरी, त्यांना पोलिसात कशाला घालायचं?"

त्यांनी दुसरंच काम काढलं. पुण्यात इमारतींवर माश्यांचं मोहोळ लटकलं की लोक धूर करायचे, औषध मारायचे. ताई पेटी घेऊन जायच्या आणि माश्या जिवंत उतरवून मांजरी गावातल्या एका पेरूच्या बागेत नेऊन ठेवायच्या. बाग गेनबांची. ते म्हणायचे, "बाई, पेटी ठेवल्यापास्नं बहर लई धरतोय. अजून आना."

२०११च्या फेब्रुवारीत मीही त्यांच्याबरोबर होते. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये फाटकाच्या पाटीला सातेरीचं मोहोळ लटकलं होतं आणि आत हजारभर माणसं काचेला नाकं लावून उभी. ताईंनी शिडी लावली, पेटी खाली धरली, हलकेच झटका दिला. माश्या पावशेर द्राक्षांच्या घोसासारख्या आत पडल्या. उरलेल्या राणीमागून स्वतःच चालत गेल्या. काचेआडून टाळ्या ऐकू आल्या.

निघताना रखवालदाराने अडवलं. "म्याडम, बाहेर जाताना नोंद करावी लागते. किती जण?"

"मी, ही नम्रता," ताईंनी पेटीला कान लावला, "आणि पाच-सहा हजार बायका. ओळखपत्र एकीकडेही नाही."

त्याने पेटीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि सरळ आडवा दांडा वर केला. बाहेर रिक्षावाला मांजरीला यायला तयार नव्हता. लांब पडतं, परतीचं भाडं मिळत नाही, असं चाललं होतं त्याचं. तेवढ्यात पेटीतून गुणगुण सुरू झाली. "काय आहे आत?" त्याने विचारलं. ताईंनी खरं ते सांगितलं. त्याने मीटर टाकला आणि म्हणाला, "बसा. पण मला उघडून दाखवायचं."

बागेत पोचल्यावर त्याने रिक्षा बंद केली आणि ताईंनी पेटी झाडाखाली ठेवताच तो आमच्या आधी तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला.