तीन ॲप, दोन तालुके आणि एक दुरुस्ती

निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंना सहलीला कुणी बोलावत नाही, चुका काढायला बोलावतात. मला बोलावलं ते संदीपने. मी ओतूरला शिकवत असताना हा माझा विद्यार्थी होता आणि परीक्षेत नद्या डोंगरावर चढवायचा. आता तो जुन्नर-आंबेगावच्या पर्यटन समितीचा अध्यक्ष आहे.

"मॅडम, पर्यटकांसाठी मोबाईलवर नकाशाचं ॲप घ्यायचंय. तीन कंपन्यांनी हॉलमध्ये सादरीकरण केलं, तिन्ही एक नंबर. तुम्ही फिरून बघा आणि सांगा."

हॉलमध्ये बसून कुठलंच ॲप रस्ता चुकत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. फुकटात दोन दिवस भटकायला मिळत होतं. शनिवारी पहाटे पुण्यात वाकडेवाडीहून नाशिककडे जाणारी एसटी धरली आणि चाकणचा ट्रॅफिक पचवून साडेआठला मंचरला उतरले.

स्टँडवर समितीचे सदस्य दत्ताभाऊ गाडी घेऊन उभे होते. राजुरीचे बागायतदार, गाडी त्यांची आणि गप्पाही त्यांच्याच. गाडीत पुढे तीन फोन रबरबँडने बांधले होते, एकेका फोनवर एकेक ॲप. गाडी सुरू झाली आणि तिन्ही एकदम बोलायला लागले. तिघांचं एकमत फक्त "सीट बेल्ट लावा" एवढ्यावर झालं.

पहिल्या ॲपचा आवाज फार गोड होता. "पुढे गर्दी आहे, मी तुम्हाला जवळच्या रस्त्याने नेते," म्हणत त्याने आम्हाला थेट बाजार समितीच्या आवारात नेलं. पुढे कांद्याचा ट्रक, मागे बटाट्याचा टेम्पो. एक हमाल खिडकीशी वाकून म्हणाला, "पावणं, गोणी किती?" आम्ही पर्यटक आहोत म्हटल्यावर त्याने आमच्याकडे फार करुणेने पाहिलं. बाहेर पडायला पाऊण तास लागला. तुम्ही या बाजूला येणार असाल तर बाजाराच्या दिवशी मंचरच्या आत शिरू नका, मग कितीही गोड आवाज बोलावू दे.

नारायणगावावरून जुन्नरला पोहोचलो. शिवनेरीवर पहिल्या ॲपने पहिल्याच दरवाजात "कृपया नेटवर्क येईपर्यंत जागेवर उभे राहा" अशी आज्ञा केली. आम्ही ती मोडली आणि सातही दरवाजे चढून गेलो. लेण्याद्री दुसऱ्या ॲपच्या मते पायथ्यापासून चार मिनिटांवर होतं. त्याने सरळ रेघ ओढून अंतर मोजलं होतं, आणि मध्ये तीनशेच्या वर पायऱ्या आहेत हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. पाचव्या थांब्यावर दत्ताभाऊ धापा टाकत म्हणाले, "मॅडम, चार मिनिटं कवाची झाली. आपुन लई हळू चालतोय बहुतेक."

दुपारी बेसनाची मासवडी खाल्ली. झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, दीडशे रुपयांत ताट. पहिल्या ॲपमध्ये मासवडी मांसाहारी पदार्थांच्या यादीत होती. मुक्काम जुन्नरच्या लॉजवर केला. नऊशे रुपयांत खोली आणि गरम पाणी सहा ते आठ. पहिलं ॲप मी त्याच संध्याकाळी यादीतून काढलं.

रविवारी घोडेगावला आलो. पश्चिमेकडे जाणार असाल तर पेट्रोल इथेच भरा आणि रोख पैसे ठेवा. पुढे डोंगर सुरू झाले, भातखाचरं दिसायला लागली आणि दुसऱ्या ॲपचं चाक नुसतं गरगर फिरायला लागलं. तिसरं मात्र नेटवर्कशिवायही शहाण्यासारखं बोलत होतं. वळणं, ओढे, शाळा, सगळं अचूक. गेल्या दिवाळीपासून ते चाचणीसाठी लोकांना मोफत दिलं होतं. मी जवळजवळ त्याच्या प्रेमात पडले होते. शेवटची परीक्षा म्हणून त्याला "आंबेगाव" विचारलं.

त्याने आम्हाला डिंभे धरणाच्या कडेने नेलं. शेवटचे तीन किलोमीटर खड्ड्यांचे. मग पांढरे रंगवलेले तीन धोंडे, त्यापुढे पाणी, आणि फोन म्हणाला, "तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात."

मला आनंदच झाला. चूक सापडली की मला अजूनही वर्गात असल्यासारखं वाटतं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव केव्हाच धरणात गेलं, कचेऱ्या घोडेगावला आहेत, हे आम्ही चौथीच्या पोरांकडून घोकून घ्यायचो. मी वही काढली.

"बाई, फोननं आनलं ना?" मागून आवाज आला. साठीच्या रखमाबाई हात पुसत कडेच्या घराच्या अंगणात उभ्या होत्या. "या, बसा. चिलापी तळती."

पाट्यावर वाटलेला मसाला लावलेली चिलापी, नाचणीची भाकरी आणि भात, माणशी दोनशे रुपये. असा मासा मी पुण्यात खाल्लेला नाही. सून सुरेखा वाढत होती. रखमाबाईंकडे पाटी नाही, फलक नाही. गिऱ्हाईक कुठून येतं, मी विचारलं.

"समदी चुकून येत्यात," रखमाबाई म्हणाल्या. "रस्ता इथंच सरतो. पयली गाडी चिखलात रुतली, मंग आमी धोंडे लावले. मानूस इथवर आलं की भुकेजलेलंच असतंय."

"मी हे कंपनीला कळवणार आहे," मी म्हटलं. "आठ दिवसांत दुरुस्त होईल."

सुरेखाचा वाढता हात थांबला. ती आत गेली. रखमाबाईच म्हणाल्या, "दरसाल ती लेकराला घिऊन मंचरला जाती, कांदा निवडायला. भाड्याची खोली हाय तिथं, अजून सोडली न्हाई. यंदा चूल चालली म्हून ती इथंच ऱ्हायली. दुरुस्त केलं तर तिला परत जावं लागंल."

"अहो, पण ॲप खोटं सांगतंय."

"खोटं न्हाई सांगत." त्या उठल्या आणि पाण्याकडे बोट केलं. "त्यो वाळका बुंधा दिसतोय? तिथनं खाली आमचं दार. माझं लगीन त्याच गावात लागलं. पानी उतरलं की आमी समदी जातो आन आपापला उंबरा झाडून येतो. गाव तिथंच हाय, बाई."

मी पाण्याकडे बघत राहिले. अनेक वर्षं पोरांना हे गाव "होतं" म्हणून शिकवलं आणि ते उंबरे झाडायला माणसं जातात हे मला माहीत नव्हतं. मला माझी लाज वाटली. भाकरी तशीच ताटात राहिली.

समितीची बैठक संध्याकाळी मंचरला होती. तिसऱ्या ॲपच्या कंपनीच्या टाय लावलेल्या माणसाने माझ्यापुढे कागद सरकवला. त्यावर मोठा रकाना होता, आढळलेल्या चुका. दुरुस्ती मोफत, पण आजच कळवायची. वाटभर मी त्याच चुकीचा विचार करत आले होते. तालुक्याची कचेरी शोधणारा माणूस वाट चुकेल, हे खरं. पण कचेरीत जायला कोणी सहल काढत नाही. गाडी पाण्यात जाऊ शकते, हे मात्र गमतीचं नव्हतं.

मी कागदावर काहीतरी लिहिलं आणि परत दिला. संदीपने तो दोनदा वाचला.

"मॅडम, तुम्ही आणि एवढंच? हे ॲप आंबेगाव म्हटलं की धरणाकडे नेतं असं ऐकलंय."

दत्ताभाऊ छताकडे बघायला लागले.

"आंबेगाव कुठे आहे, संदीप?"

"घोडेगावला. म्हणजे, तालुका तिथून चालतो."

"मी गाव विचारलं."

त्याचा वर्गात असायचा तसाच चेहरा झाला. "पाण्याखाली आहे, मॅडम."

"मग ॲप कुठे नेतं?"

सही झाली. तिसरं ॲप घेतलं गेलं. रकान्यात मी एकच दुरुस्ती लिहिली होती. "पोहोचला आहात" याआधी आवाजाने म्हणावं, "पुढे पाणी आहे, गाडी इथेच थांबवा." कंपनीच्या माणसाला ती फार व्यावसायिक सूचना वाटली.

रात्री दहाला घरी आले. पाय आठ दिवस लेण्याद्रीची आठवण काढत होते. खर्च समितीचा, तोही अडीच हजारांच्या आत बसला. पावसाळ्यात शेवटचे तीन किलोमीटर छोटी गाडी नेऊ नका. चूक पकडून सोडून देणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे मधूनमधून हात शिवशिवायचा, आणि कंपनीला मेल लिहून मी दोनदा पुसून टाकला.

महिन्याभराने सुरेखाचा फोन आला. रेंजसाठी ती टेकडीवर चढली होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"मॅडम, आता फोनमधी थांबा म्हनतंय, तर मानसं गाडीतनं खाली उतरत्यात. सासूबाई आदी त्यास्नी गाव दावत्यात, कुनाचं घर कुठं व्हतं ते. मंगच ताट."

"आणि तू कशी आहेस?"

"मंचरची खोली सोडली," ती म्हणाली.