‘दाब’ म्हटलं की दोन्ही हात

कस्तुराच्या हातात लायसन्स पडलं आणि बाई हवेतच गेली. उभं आयुष्य चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काढलं, आणि आता म्हणे स्वतः गाडी हाकत मारुंजीला लेकीकडं जाणार! नवरा जयसिंग म्हणाला, "मी शेजारी बसतो. एक ओरखडा उठला तर चावी कायमची माझ्याकडं." झालं! कस्तुराचा सगळा जीव त्या चावीत अडकला.

थेरगावातून बाहेर पडेपर्यंत जयसिंगनं तिचं डोकं खाल्लं. "आरशात बघ! डावीकडं बघ! त्या म्हातारीकडं बघ!" अहो, बाईला डोळे किती? दोनच ना! त्यात लेकीचा, नेहाचा, फोन वाजायला लागला. कस्तुराची नजर तिकडं वळली आणि डांगे चौकाजवळ एक टेम्पो राँग साईडनं थेट अंगावर आला.

"दाब! दाब!" जयसिंग किंचाळला.

त्याला म्हणायचं होतं, ब्रेक दाब. पण प्रेसवर दोन बटणं असतात. हात आत सापडू नयेत म्हणून ती दोन्ही हातांनी एकदम दाबायची. ‘दाब’ म्हटलं की कस्तुराचे दोन्ही हात पुढं, ते जाऊन बसले हॉर्नवर! पाय बिचारे गप्प. असा भोंगा वाजला की टेम्पोवाल्याची बोबडीच वळली आणि तोच जागच्या जागी थांबला. तेव्हा कुठं कस्तुराला ब्रेक आठवला. मधे वीतभर जागा राहिली.

तिला हसू काही आवरत नव्हतं. गाडी कडेला घेऊन ती म्हणाली, "अहो, तुम्हीपण कंपनीतच होता ना? चालू मशीनवर ऑपरेटरला कुणी हाक मारतं का?"

"नाय."

"मग मागं बसा. गुमान." फोनही तिनं बंद करून पर्समध्ये कोंबला.

ताथवड्यात एक बाईकवाला मोबाईल बघत बघत आडवा आला. मागं जयसिंगनं स्वतःचंच तोंड दोन्ही हातांनी दाबलं. कस्तुराचा पाय न सांगता ब्रेकवर गेला, गाडी थांबली, आणि बाई आनंदानं एकटीच ओरडली, "जमलं की गं!"

मारुंजीत नेहा खालीच उभी होती. "पप्पा, तुम्ही मागं का?"

जयसिंगनं गाडीभोवती एक चक्कर मारली. ओरखडा कुठंच नव्हता.

"चावी आईकडंच राहू दे," तो म्हणाला. "गाडीत सगळ्यात मोठा धोका होता, त्याला तिनं मागं बसवलंय."